नेसी, सोनार आणि पडद्यावरची कमान

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही मे महिन्यात मुलीकडे एडिनबर्गला गेला होतात आणि तिथून सगळे मिळून लॉक नेस, म्हणजे ‘नेसी’ नावाच्या राक्षसाच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेलं स्कॉटलंडमधलं तळं, बघायला गेलात. बोटीतून फेरी मारताना चालकासमोरच्या सोनारच्या पडद्यावर सुमारे १५० मीटर खोलीवर एक भलीमोठी कमान उमटली. चालकानं डोळे मिचकावले, तुम्ही फोटो काढलात. तेव्हापासून घरात तीन पक्ष पडलेत. नातू म्हणतो, हा प्लेसिओसॉर, म्हणजे डायनॉसॉरच्या काळातला लांब मानेचा, पाण्यात राहणारा सरपटणारा प्राणी. जावई म्हणतात, डीएनए चाचणीत ती मोठी ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, असल्याचं सिद्ध झालंय. आणि तुमचं म्हणणं असं की हजारावर माणसं काहीतरी पाहिल्याचं सांगतात, ती सगळी खोटं कशाला बोलतील?

मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. गेली २८ वर्षं धरणांच्या जलाशयांत इको साउंडर, म्हणजे आवाजानं खोली मोजणारं सोनार यंत्र, घेऊन फिरतोय. तळाशी किती गाळ साठला ते मोजायचं, एवढंच माझं काम. आमचा एक म्हातारा होडीवाला होता. यंत्राचं नाव सोनार हे कळल्यावर तो मला ‘सोनारबुवा’ म्हणायला लागला. घडवत काही नाही, पण कस लावायचं काम थोडंफार करतो, म्हणून ते नाव मीही चालवून घेतलं. तेव्हा सुरुवात तुमच्या फोटोपासून करतो, कारण त्याबद्दल मी ठामपणे बोलू शकतो.

बोटीच्या बुडाखाली बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. ठोका तळाला किंवा मधल्या कशाला तरी आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. हा आवाज सरळ सुतासारखा खाली जात नाही, उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखा पसरत जातो. साधारण २० अंशांचा पसारा धरा. १५० मीटर खोलीवर त्या नरसाळ्याचं तोंड ५० मीटरांहून रुंद झालेलं असतं. आता त्या खोलीवर एक मासा जागच्या जागी उभा आहे आणि बोट वरून पुढे सरकतेय. नरसाळ्याची कड माशाला टेकते तेव्हा अंतर तिरकं, म्हणजे थोडं जास्त मोजलं जातं. बोट बरोबर डोक्यावर आली की अंतर सगळ्यांत कमी. पुढे गेली की पुन्हा जास्त. हे ठिपके एकापुढे एक पडद्यावर उमटतात आणि कमान तयार होते.

म्हणजे ती कमान माशाच्या पाठीचा बाक नाही. कमानीची आडवी लांबी ही लांबीच नाही, तो वेळ आहे: मासा किती सेकंद नरसाळ्यात होता तो. बोट निम्म्या वेगानं चालवली की तोच मासा पडद्यावर दुप्पट लांब होतो. बोट थांबवली आणि मासाही थांबला, तर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड रेघ उमटते. बघणाऱ्याला वाटावं, खाली आगगाडी उभी आहे. आणि मासा जितका खोल, तितकं नरसाळं रुंद, तितकी कमान लांब. प्रवासी बोटी हळू चालतात आणि लॉक नेस खोल आहे. भल्यामोठ्या कमानींसाठी याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

बरं, कमान जाड आणि गडद होती असं तुम्ही लिहिलंय. जाडी ठरते ठोका किती लांबीचा सोडला आणि यंत्राचा गेन, म्हणजे परत आलेला आवाज वाढवून दाखवण्याचं प्रमाण, किती चढवला होता यावर. गडदपणा ठरतो प्रतिध्वनीच्या जोरावर, आणि माशाच्या बाबतीत त्यातला बहुतेक जोर त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. पाण्यातल्या आवाजाला मांस जवळपास पाण्यासारखंच वाटतं. हवा मात्र भिंतीसारखी लागते. त्यामुळे हातभर मासे दाटीवाटीनं पोहत असले तरी पडद्यावर एकच दणकट आकृती येऊ शकते. त्या तळ्यात आर्क्टिक चार नावाचा मासा अगदी खोलवरही राहतो, म्हणजे १५० मीटरवर जिवंत काही असणं यात नवल काहीच नाही.

त्यात लॉक नेसचा आकार. ३६-३७ किलोमीटर लांब, सरासरी दीड किलोमीटर रुंद, आणि खोली सुमारे २३० मीटर. कोयनेच्या धरणाच्या दोन भिंती एकावर एक उभ्या केल्या तरी पाण्याबाहेर डोकं निघणार नाही. पाणी ७.४ घनकिलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात २६० टीएमसीच्या आसपास, अडीच कोयना. जमिनीतल्या मोठ्या भेगेवरून हिमनदीनं कोरत नेलेली ही दरी आहे, त्यामुळे दोन्ही काठ पाण्याखाली भिंतीसारखे उतरतात. बोट काठाकडे सरकली की नरसाळ्याची कड तळाच्या आधी त्या भिंतीला लागते आणि पडद्यावर अधांतरी काहीतरी दिसायला लागतं. घाटातल्या अरुंद जलाशयांत आम्ही याला रोज तोंड देतो. नवा मुलगा हमखास फसतो.

मीही फसलोय. नोकरीची पहिली काही वर्षं असतील. सह्याद्रीतला एक जलाशय, उन्हाळ्याची पहाट, पाणी आरशासारखं. काठाजवळ मोजणीची दुसरी लाइन मारताना १८ मीटरवरून एक तिरकी, जाड रेघ वर यायला लागली. थांबलो, तरी ती वर येतच होती. पुढच्या लाइनला पुन्हा तसंच. होडीवाल्यानं पडद्याकडे पाहिलं, वल्ही आत घेतली आणि म्हणाला, ‘‘इथं आसरांचा डोह होता धरणाआधी. नारळ टाका.’’ नारळ नव्हता. दुपारी आणून टाकला, मगच होडी हलली. मी नोंदवहीत लिहिलं, ‘मोठा मासा, अंदाजे ७ मीटर, वर येताना’. हे सात मीटर मी पडद्यावर पट्टी धरून काढले होते! तिसऱ्या दिवशी त्याच जागी वारा पडलेला असताना पाण्यावर बुडबुडे दिसले, सडक्या पाल्याचा वास आला. खाली बुडालेली देवराई होती. झाडं कुजून वायू सुटत होता आणि बुडबुड्यांची माळ हळूहळू वर चढत होती. बुडबुडा म्हणजे निव्वळ हवा, त्याचा प्रतिध्वनी खणखणीत. माझी ती नोंद आमच्या वरिष्ठांनी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. अजूनही जुने लोक भेटले की विचारतात, मासा किती वाढला?

तेव्हा तुमच्या फोटोबद्दल मी इतकंच म्हणेन की त्यात दिसतंय ते एखादा मासा, माशांचा थवा, काठाचा तिरका प्रतिध्वनी किंवा बुडबुडे यांपैकी कशानंही उमटलं असतं. तिथे प्राणी नसता तरी फोटो असाच आला असता. कुठलाही पुरावा हातात आला की मी आधी हेच विचारतो: गोष्ट खोटी असती, तर हा पुरावा वेगळा दिसला असता का? वेगळा दिसणार नसेल, तर तो मी बाजूला ठेवतो. माणसं खरी की खोटी, हा प्रश्न त्यानंतरचा.

सोनार असा फसवा असेल तर त्याच्या ‘काही नाही’ला तरी काय किंमत, असं तुमचे जावई विचारतील. रास्त शंका आहे, आणि उत्तर यंत्र कसं वापरलं यावर आहे. १९८७च्या ऑक्टोबरात ‘ऑपरेशन डीपस्कॅन’ झालं. वीसेक बोटी एका ओळीत लावून तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाजाच्या पडद्यानं झाडून काढलं. तीन ठिकाणी जोरदार प्रतिध्वनी मिळाले, परत जाऊन पाहिलं तर तिथे काही नव्हतं. वर्तमानपत्रांनी ते तीन ठिपके उचलले. मला विचाराल तर ते अनिर्णित आहेत, सील असेल, थवा असेल, वाहतं ओंडकं असेल. ज्याची दुसरी नोंद नाही त्याच्यावर मी गाळाचासुद्धा आकडा काढत नाही.

२००३मध्ये बीबीसीनं केलेलं काम मला जास्त पटतं. ६०० वेगवेगळे सोनार किरण आणि उपग्रहावरून जागेची नोंद घेऊन त्यांनी सगळं तळं तपासलं. पण खरी अक्कलहुशारी पुढे आहे. पाण्याखाली काही मीटरवर त्यांनी एक तरंडा बांधून ठेवला होता, आपल्या यंत्राला तो दिसतो का हे बघायला. तो दिसला. राक्षस दिसला नाही. आमच्याकडे याला बार चेक म्हणतात: दिवसाची सुरुवात करताना ठराविक खोलीवर लोखंडी पट्टी सोडायची आणि यंत्र तेवढंच अंतर दाखवतं का ते पाहायचं. बार चेक न करता आणलेली रीडिंग कुणी घेत नाही, आणि तो करून आलेल्या ‘काही नाही’ला वजन असतं.

आणखी एक बार चेक नशिबानं झाला. २०१६मध्ये नॉर्वेच्या कॉन्ग्सबर्ग कंपनीचं पाण्याखालून चालणारं रोबोट यंत्र तळाचं मोजमाप करत होतं आणि त्याला चक्क राक्षस सापडला. लांब मान, नऊ मीटरांच्या आसपास लांबी. शेरलॉक होम्सवरच्या एका चित्रपटासाठी बनवलेला तो पुतळा १९६९मध्ये चित्रीकरणाच्या वेळी बुडाला होता. दिग्दर्शकाला त्याच्या पाठीवरचे उंचवटे आवडले नाहीत, म्हणून ते काढले, आणि तरंगायला मदत करणारा भागच गेल्यामुळे तो गाळात गेला. तात्पर्य काय, नऊ मीटरांची वस्तू तळाशी निपचित पडली असली तरी यंत्र तिला शोधतं.

आता छायाचित्रं. यात मी फार वेळ घालवणार नाही, कारण बहुतेकांचा निकाल लागलेला आहे. हंसासारखी मान वर काढलेलं जे चित्र तुमच्या नातवाच्या टी-शर्टवर असेल, ते २१ एप्रिल १९३४ला ‘डेली मेल’मध्ये छापलं होतं. ते काढणारा म्हणून रॉबर्ट केनेथ विल्सन या लंडनच्या डॉक्टरांचं नाव पुढे केलं गेलं. प्रतिष्ठित माणूस, म्हणून कुणी शंका घेतली नाही. त्याच्या मागची कथा मात्र आधीच्या डिसेंबरातली. त्याच वर्तमानपत्रानं मार्माड्यूक वेदरेल नावाच्या शिकाऱ्याला राक्षस शोधायला पाठवलं होतं. त्याला काठावर ताजे ठसे सापडले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं सांगितलं, हे पाणघोड्याच्या पायाचे आहेत, आणि सगळे एकाच पायाचे. दिवाणखान्यात छत्र्या ठेवायला वगैरे पाणघोड्याचे वाळवलेले पाय वापरायची तेव्हा तिकडे पद्धत होती. वेदरेलचं हसं झालं. मग त्यानं आपल्या सावत्र मुलाकडून, ख्रिश्चन स्पर्लिंगकडून, खेळण्यातल्या पाणबुडीवर मान आणि डोकं बसवून घेतलं, फोटो काढवला आणि डॉक्टरांमार्फत त्याच वर्तमानपत्राला खपवला. स्पर्लिंगनं म्हातारपणी कबुली दिली, ती १९९४मध्ये जगजाहीर झाली.

कबुलीपेक्षा मला मूळ प्रिंट जास्त बोलकी वाटते. वर्तमानपत्रात छापलेला फोटो चारही बाजूंनी कापलेला आहे. न कापलेल्या फोटोत भोवतालचं पाणी आणि पलीकडचा काठ दिसतो, आणि लाटांच्या मानानं ती मान हातभरसुद्धा वाटत नाही. म्हणजे सगळी प्रिंट लोकांसमोर आली असती तर १९३४मध्येच संशय यायला हरकत नव्हती. कडा कापल्या की मोजपट्टी जाते. आमच्या धंद्यात मोजपट्टी नसलेला फोटो अहवालाला जोडला तर परत येतो.

१९७२चा ‘वल्ह्याच्या आकाराचा पर’ हा प्रकार अधिक गंभीर माणसांकडून आला. अमेरिकेचे रॉबर्ट राइन्स यांनी पाण्याखाली झगझगीत दिवा आणि कॅमेरा लावला होता. संगणकानं उजळलेल्या मूळ चित्रात दाणेदार धुरकट डाग आहे; जगभर छापलेल्या चित्रात मात्र शंकरपाळ्याच्या आकाराचा रेखीव पर आहे, कारण मध्ये कुणाचा तरी हात फिरला. त्याच्या जोरावर १९७५मध्ये राइन्स आणि पक्षितज्ज्ञ सर पीटर स्कॉट यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात या प्राण्याला ‘नेसिटेरास ऱ्हॉम्बॉप्टेरिक्स’ असं शास्त्रीय नावही देऊन टाकलं. एका स्कॉटिश खासदारानं त्या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून ‘सर पीटर एस. यांची राक्षसी थाप’ अशा अर्थाचं वाक्य काढलं. तो निव्वळ योगायोग, पण बिचाऱ्या स्कॉटना जन्मभर पुरला. राइन्स यांच्याच १९७५च्या मोहिमेतलं ‘राक्षसाचं डोकं’ पुढे डीपस्कॅनच्या वेळी तळाशी पुन्हा भेटलं, झाडाचा बुंधा म्हणून.

आता तुमचा मुद्दा, ताई. माणसं खोटं बोलतात असं मी म्हणतच नाही. थापाडे मूठभर. बाकीच्यांनी पाण्यावर खरोखर काहीतरी पाहिलं, यावर माझा विश्वास आहे, कारण पाणी काय काय दाखवतं ते मी रोज बघतो.

हे तळं लांब, सरळ आणि समांतर काठांचं आहे. कॅलेडोनियन कालव्याचा हा भाग, त्यामुळे १८२२पासून इथून बोटी जातात. शांत दिवशी एखादी बोट मधून निघून जाते, वळणाआड होते. तिच्या लाटा काठाला पोचायला पाच-सात मिनिटं लागतात. उभ्या काठावर आपटून त्या परत फिरतात आणि दुसऱ्या बाजूच्या लाटांना मधोमध भेटतात. रस्ता उंचावर आहे. तिथून बघणाऱ्याला आरशासारख्या पाण्यावर, जवळपास एकही बोट नसताना, अचानक तीन-चार काळे उंचवटे एका ओळीत उठलेले दिसतात, सरकतात आणि विरतात. त्यानं सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे.

दुसरी गंमत पाण्याच्या आत. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि खालचं पाच-सहा अंशांचं, मध्ये ठळक सीमा. वारा वरचं पाणी एका टोकाला ढकलून ठेवतो. वारा थांबला की दोन्ही थर परातीतल्या पाण्यासारखे हेलकावतात, दोन-तीन दिवसांच्या तालानं. वर काही जाणवत नाही, पण अर्धवट बुडालेलं ओंडकं वाऱ्याच्या उलट दिशेनं निघालेलं दिसू शकतं. हे लॉक नेसमध्येच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासलं गेलंय. सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांच्या चमूनं स्कॉटलंडची ५६२ तळी तारेला वजन बांधून मोजली. त्या लोकांनी लॉक नेसवर बराच मुक्काम केला, खोली, तापमान, हेलकावे सगळं टिपलं. माझ्यासारख्यानं त्यांना लांबूनच नमस्कार करावा. राक्षस त्यांच्या नोंदींत नाही.

शिवाय थंड पाण्यावर उबदार हवा आली की मृगजळाचा प्रकार होतो आणि पाण्यावरचं वीतभर काडकं उंच खांबासारखं ताणलेलं दिसतं. वरून पोहणारी हरणं, पाणकावळे, पाणमांजरं. यातलं काहीही बघणारा माणूस प्रामाणिकच असतो.

मग त्याला लाट न दिसता राक्षस का दिसतो? २००३च्या त्याच बीबीसी चमूनं पाण्याखाली कुंपणाचा एक खांब लपवला आणि सहलीची बस आल्यावर तो वर काढला. बहुतेकांनी चौकोनी काहीतरी पाहिल्याचं सांगितलं. चित्र काढायला लावल्यावर मात्र कित्येकांनी राक्षसाचं डोकं काढलं. ही माणसं तिथे कशासाठी आली होती ते आठवा. आमचा होडीवाला जिथे आसरा बघायचा तिथे मी मासा पाहिला. दोघांनी आपापल्या घरून आणलेलं पाण्यात टाकलं.

आणि ते घरून आणलेलंसुद्धा जुनं नाही. संत कोलंबांची सहाव्या शतकातली कथा नेहमी पुढे केली जाते, पण ती नेस नदीतली आहे, तळ्यातली नाही, त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात आहे, आणि त्या काळच्या संतचरित्रांत दुष्ट जनावरं पळवून लावणं हा ठरलेला चमत्कार. आपल्याकडे बखरींतले आकडे आपण जसे वाचतो तसं ते वाचावं. खरी सुरुवात १९३३ची. उत्तर काठाचा रस्ता तेव्हा नव्यानं सुधारला होता. एप्रिलात एका हॉटेलवाल्या जोडप्यानं पाणी घुसळलं जाताना पाहिलं, २ मेला ‘इन्व्हरनेस कुरियर’मध्ये बातमी आली. त्यात लांब मान नव्हती. मान आली जुलैच्या उत्तरार्धात, लंडनच्या स्पायसर दांपत्याच्या हकिगतीत, रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्याच्या रूपानं. त्याच वसंतात लंडनला ‘किंग काँग’ लागला होता आणि त्यात पाण्यातून निघणारा लांब मानेचा डायनॉसॉर आहे. स्पायसरनी जाणूनबुजून चोरलं असं नाही म्हणत. पण त्यानंतर दिसणाऱ्यांना मान दिसायलाच लागली.

नातवासाठी प्लेसिओसॉरचं एका दमात सांगतो. ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. हे तळं सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली होतं. त्यांची मान हंसासारखी उभी वळत नव्हती. गोड्या पाण्यातले प्लेसिओसॉर मोरोक्कोत सापडल्याचं २०२२मध्ये जाहीर झालं तेव्हा ‘नेसी शक्य!’ असे मथळे आले. हाडं नेहमीसारखी कोट्यवधी वर्षांपूर्वीचीच होती.

मला पटणारा मुद्दा खाण्याचा आहे. एकटा प्राणी शतकानुशतकं जगत नाही, म्हणजे पिल्लं घालणारा कळप हवा. तळ्याचं पाणी दलदलीच्या मातीनं चहासारखं तपकिरी, उजेड थोड्या मीटरांत संपतो, शेवाळ कमी, म्हणून मासेही कमी. मोजणी झाली तेव्हा सगळ्या तळ्यातला मासा मिळून २० टनांच्या आसपास भरला. अडीच कोयनेएवढ्या पाण्यात दोन ट्रकभर मासळी! शिकाऱ्याचं वजन भक्ष्याच्या दहाव्या हिश्शापुढे सहसा जात नाही. म्हणजे सगळ्या राक्षसांचं मिळून दोन टन. त्यात आई, बाप, पोरं, आज्या बसवा.

प्राणी खरंच असला की काय होतं ते आपल्याकडे दिसतं. मुंबईच्या मधोमध पवई तलावात मगरी आहेत. भोवती इमारती आणि रहदारी, तरी त्या बेटावर ऊन खायला येतात आणि कुणीही बऱ्यापैकी कॅमेऱ्यानं त्यांचे दात मोजता येतील असा फोटो काढतो. सांगलीकडे कृष्णेत मगर आहे, हे पटवायला कुणाला परिषद घ्यावी लागत नाही; काठावर घसरल्याच्या खुणा असतात, अंडी असतात, पिल्लं असतात. पुरावा दर वर्षी वाढतो आणि स्पष्ट होत जातो. लॉक नेसला खिशाखिशात कॅमेरे आल्यावरही फोटो तेवढेच धूसर राहिले.

राहिले जावई. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांच्या चमूनं २०१८मध्ये तळ्याच्या वेगवेगळ्या जागा आणि खोलींवरून २५०च्या आसपास पाण्याचे नमुने घेतले. प्राणी कातडी, खवले, विष्ठा पाण्यात सोडत राहतात, त्यातला डीएनए गाळून वाचायचा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डीएनए मिळाला नाही. शार्क नाही, स्टर्जन नाही, मोठा कॅटफिश नाही. माणूस, कुत्रा, मेंढी, हरीण मिळाले. आणि ईल जवळपास सगळीकडे मिळाली. पत्रकार परिषदेत गेमेल म्हणाले की मोठी ईल असण्याची शक्यता आम्ही नाकारू शकत नाही, आणि बातम्यांत ‘नाकारता येत नाही’चं ‘सिद्ध झालं’ झालं. डीएनए किती आहे ते कळतं, तो एका सहा मीटरच्या ईलचा की हजार हातभर ईलींचा, ते कळत नाही. २०२३मध्ये पकडलेल्या ईलींच्या मापांवरून कुणीतरी गणित केलं: लॉक नेसमध्ये एक मीटरची ईल मिळण्याची शक्यता सुमारे ५०,०००त एक, आणि सहा मीटरची जवळपास शून्य.

या चाचणीलाही मर्यादा आहेत हे जावयांना सांगा. पाण्यातला डीएनए काही दिवसांत, फार तर आठवड्यांत विरतो, म्हणजे ती त्या दिवसांची, त्या बाटल्यांची साक्ष आहे. फक्त कळपाच्या कळप असता तर कुठल्या ना कुठल्या बाटलीत तो उतरला असता, असं मला वाटतं.

तुमच्याकडे नुसता फोटो आहे की त्याच वेळचा व्हिडिओही आहे? असेल तर तो पाठवा. पडद्याच्या कोपऱ्यात बोटीचा वेग आणि बाजूला खोलीची पट्टी असते, आणि कमान सुरू होण्यापासून संपेपर्यंत किती सेकंद गेले ते व्हिडिओत मोजता येतं. नरसाळ्याचा कोन त्या बनावटीच्या यंत्राच्या माहितीपत्रकात मिळेल. तेवढ्यावर नातवाला वहीत गणित करू द्या: वेग गुणिले सेकंद, आणि ते उत्तर १५० मीटरवरच्या नरसाळ्याच्या रुंदीशी ताडून बघायचं. रुंदीच्या आसपास किंवा तिच्या आत आलं, तर खाली जे काही होतं ते पडद्यावर ठिपक्याएवढंच होतं. रुंदीच्या दुप्पट-तिप्पट आलं तर मला रात्री-अपरात्री फोन करा; पण आधी चालकाला विचारून घ्या, त्या वेळी बोट चालू होती की तुम्हा सगळ्यांना बघता यावं म्हणून त्यानं इंजिन बंद केलं होतं.